प्रवेश-अर्जासाठीचे उपक्रम बडोद्यातच आहेत, विकत घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की बडोद्यातल्या मराठी घरांतून आता एक प्रश्न हमखास निघतो: मुलाला बाहेर शिकायला पाठवायचे तर मार्कांशिवाय आणखी काय काय लागते? या प्रश्नाभोवती चांगलाच बाजार उभा राहिला आहे. दोन आठवड्यांचे नेतृत्व-शिबिर, घरबसल्या 'संशोधन' करून छापून मिळणारा निबंध, नाव आणि बोधचिन्हासकट तयार मिळणारी स्वयंसेवी संस्था, परदेशी विद्यापीठाच्या आवारात भरणारा उन्हाळी वर्ग. किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत. कर्ज काढून हे घेणारे पालकही आहेत. अकरावी-बारावीच्या मुलांचे प्रवेश-अर्ज वाचून, तपासून देणे हे आमचे रोजचे काम आहे, म्हणून कळकळीने लिहीत आहोत. अर्जाला वजन आणणारे काम विकत मिळत नाही, आणि बडोद्यासारख्या गावात ते विकत घ्यायची गरजही नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासावी. ज्या दारात उभे राहायचे आहे, तिथे उपक्रम विचारतात तरी का? जेईई आणि नीटमधून होणाऱ्या नेहमीच्या प्रवेशांत गुणवत्ता यादी परीक्षेच्या गुणांवर लागते. तिथे राज्यस्तरीय ढाल आणि कोरे पान यांची किंमत सारखीच. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.कॉम.-बी.एस्सी.ला जायचे असेल तर राज्याच्या जीकॅस पोर्टलवर अर्ज भरायचा आणि बारावीचे गुण पाहिले जातात. फाइन आर्ट्सला प्रवेशचाचणी असते, म्हणजे हात बघतात, प्रशस्तिपत्रक नव्हे. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत पदवीसाठी बहुतेक ठिकाणी गुण आणि पात्रता एवढेच पाहतात. अशा वाटेवर चाललेल्या मुलाने खेळावे, गावे, पोहावे, ते त्याच्या तब्येतीसाठी आणि आनंदासाठी. अर्जासाठी म्हणून त्याची झोप कापू नये.

याला काही अपवाद आहेत. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या, त्यांतली एक मुलींसाठी. पुढच्या वर्षी ललित कला आणि संस्कृतीसाठीही तशीच सोय केली. पण त्यासाठीही जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या यादीत नाव असावेच लागते. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि कला-उपक्रम यांच्या जागा मिळून पाच टक्क्यांपर्यंत असतात. तिथे कलेच्या जागांसाठी प्रत्यक्ष चाचणी होते आणि सीयूईटी या सामाईक प्रवेशपरीक्षेच्या गुणांपेक्षा तिला कितीतरी जास्त वजन असते. म्हणजे गाणाऱ्या मुलीला तिथे गाऊन दाखवावे लागते. इंदूरच्या आयआयएममध्ये बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते. तिथे 'छंद: वाचन' असे लिहिले की पुढचा प्रश्न 'शेवटचे काय वाचले आणि त्यात काय पटले नाही' हा येणार हे धरून चालावे.

ब्रिटनचा हिशेब वेगळा आहे. तिथल्या विद्यापीठांसाठीच्या यूकॅस या सामाईक अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आले आहेत. तिन्ही उत्तरे मिळून ४,००० अक्षरे, प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे. हा विषय का, शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले व ते का उपयोगी, असे ते तीन प्रश्न. सगळा भर विषयावर असतो. मेकॅनिकल इंजिनिअरिंगला अर्ज करणाऱ्याने गरब्यातले बक्षीस लिहून जागा घालवू नये. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा सील का गळतो हे त्याने उघडून पाहिले असेल, तर ते लिहावे.

सगळे आयुष्यच विचारणारा अर्ज मुख्यतः अमेरिकेचा. आपल्याकडच्या अशोका किंवा फ्लेमसारख्या खासगी विद्यापीठांचे अर्जही बरेचसे त्याच वळणाचे. अमेरिकेतल्या शेकडो महाविद्यालयांना चालणाऱ्या कॉमन अ‍ॅपमध्ये उपक्रमांसाठी जास्तीत जास्त दहा रकाने असतात. प्रत्येक रकान्यात पद किंवा भूमिका ५० अक्षरांत, संस्थेचे नाव १०० अक्षरांत आणि कामाचे वर्णन अवघ्या १५० अक्षरांत. यात मोकळ्या जागाही मोजल्या जातात. शिवाय कोणत्या इयत्तांत केले, शाळा चालू असताना की सुट्टीत, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे. बक्षिसांसाठी वेगळे पाच रकाने. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज निराळा: उपक्रम, बक्षिसे, नोकरी, सेवा सगळे मिळून वीस नोंदी, वर्णनाला ३५० अक्षरे. दहाच्या दहा रकाने भरलेच पाहिजेत असा नियम कुठेही नाही. सहा खरे रकाने दहा भरती रकान्यांपेक्षा चांगले दिसतात, कारण खालचे चार पोकळ निघाले की वरच्या सहांवरचाही विश्वास उडतो.

हा अर्ज वाचणारा माणूस पहिल्या तीन-चार नोंदींवर थांबतो, बाकीच्यांवरून नजर फिरवतो. म्हणून सर्वांत महत्त्वाचे काम सर्वांत वर. आणि तो बेरीज करतो. एका मुलाने दहा उपक्रमांना प्रत्येकी आठवड्याला सहा तास लिहिले तर साठ तास झाले. त्यात शाळेचे पस्तीस आणि क्लासचे पंधरा मिळवले तर एकशे दहा. झोप, जेवण, येणेजाणे यांना मग काय उरले? 'वर्षाला ५२ आठवडे' हा आकडाही असाच अविश्वास निर्माण करतो, कारण दिवाळी, परीक्षा, आजारपण कुणालाच चुकत नाही. नवरात्रात गरब्याला साथ देणाऱ्या ढोलकीवाल्या मुलाने सरावाचे सहा आठवडे आणि आठवड्याला दहा तास असे लिहिले तर ते पटते. आठवड्याला तीन तास आणि वर्षाला ३६ आठवडे म्हणजे १०८ तास. हा आकडा लहान वाटतो, पण तीन वर्षे चालला तर तीनशेवर जातो आणि तो खरा असल्याचे वाचताना कळते. कॅलिफोर्निया विद्यापीठ काही अर्ज निवडून नोंदींचे पुरावे मागवते, हेही लक्षात असू द्यावे. खोटे सापडले तर मिळालेला प्रवेशही जातो.

मग निवडायचे कसे? आम्ही मुलांना चार गोष्टी विचारतो. तू हे काम उद्या बंद केलेस तर कुणाची अडचण होईल? सहा महिन्यांनी त्यातून हातात धरता येईल असे काय उरेल: यादी, नकाशा, दुरुस्त झालेली वस्तू, शिकलेले मूल? दुसऱ्या वर्षी ते पहिल्या वर्षापेक्षा अवघड होईल का, की तेच ते राहील? आणि क्लास, शाळा सांभाळून परीक्षेच्या महिन्यातही आठवड्याला एक तास तरी ते चालेल का? चौथ्या प्रश्नावर बहुतेक भव्य कल्पना कोसळतात, आणि त्या तिथेच कोसळलेल्या बऱ्या.

आता बडोद्याचेच पाहू. सयाजीरावांनी अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना इथे आणले आणि १९१० पासून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या खेड्याखेड्यांत जात. तेच काम आज एका सोसायटीत नववीतला मुलगा करू शकतो. चाळीस पुस्तके, एक पेटी, एक वही. पुस्तके दान म्हणून गोळा करायला निघालात की जुनी गाइडे आणि फाटकी पाठ्यपुस्तके येऊन पडतात. पहिली चूक इथे होते. म्हणून आधी वाचक मोजावेत: किती मुले, कोणत्या वयाची, घरी मराठी वाचतात की गुजराती. मग त्या बेताने पुस्तके मागावीत किंवा रद्दीच्या दुकानातून निवडून आणावीत. प्रत्येक पुस्तकाला नोंदणी क्रमांक. वहीत पाच रकाने: तारीख, क्रमांक, वाचक, परत आल्याची तारीख, 'पूर्ण वाचले का'. तीन महिन्यांनी वही चाळली की एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके दिसतात. ती बदलायची. दुसरी अडचण म्हणजे न परतलेली पुस्तके. दंड लावला की लहान मुले येणे बंद होते, 'एक आणा, एक न्या' हा नियम टिकतो. दुसऱ्या वर्षी शेजारच्या दोन सोसायट्यांत पेटी फिरवायची, तिसऱ्या वर्षी सातवीतल्या कुणाला वही सांभाळायला शिकवायचे. असे काम १५० अक्षरांत सहज मावते, कारण त्यात आकडे आहेत आणि क्रियापदे आहेत. 'वाचनसंस्कृती रुजवण्यासाठी झटलो' या वाक्यात दोन्ही नाहीत.

आमच्या मते याहूनही मोलाचे, आणि फक्त आपल्याच गावाला जमण्यासारखे काम म्हणजे मोडी. बडोदे संस्थानचे दप्तर याच शहरात आहे आणि त्यातला मोठा भाग मोडीत आहे. शिवाय दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या जुन्या घरांतून माळ्यावरच्या ट्रंकांत खरेदीखते, वाटणीपत्रे, देवस्थानचे हिशेब पडून आहेत. ते वाचणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. इतिहास, भाषाशास्त्र, कायदा, इतकेच काय, संगणकाकडे जाणाऱ्या मुलालाही हे काम शोभते, कारण हस्तलिखित अक्षर ओळखणे हा संगणकशास्त्रातलाही जिवंत प्रश्न आहे.

हे कसे करावे ते थोडे विस्ताराने सांगतो. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन महिन्यांत सुवाच्य हस्ताक्षर लागू लागते. आधी शिरोरेघ, मग तिला लटकणारी अक्षरे, अशी लिहिण्याची पद्धत असल्याने शब्द तोडलेले नसतात. नवशिक्याला पहिली ठेच इथे लागते. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ भेद साधारणपणे पाळलेला नसतो, तेव्हा शुद्धलेखनाच्या सवयीने वाचू नये. तारखेत 'छ' हे चंद्राचे संक्षिप्त रूप येते, पुढे साबान, रमजान असा अरबी महिना. सुहूर सन या जुन्या मराठी कागदांतल्या कालगणनेचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा. त्या सनात ५९९ मिळवले की जून ते डिसेंबरचे इसवी साल मिळते, जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवायचे. वाचनाआधी कागदाचे छायाचित्र घ्यायचे: खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, बरोबर वरून, बाजूला मोजपट्टी ठेवून. लॅमिनेशन कधीही करायचे नाही, चिकटपट्टी लावायची नाही. मग ओळीला ओळ लावून देवनागरीत उतरवायचे. जे अक्षर लागले नाही तिथे चौकटी कंस टाकून जागा सोडायची, अंदाजाने भरायचे नाही. ही शिस्त मोडली की सगळे काम वाया जाते, कारण पुढचा वाचणारा तुमचा अंदाज मूळ मजकूर समजून बसतो. शेवटी दुसऱ्या जाणत्याकडून तपासून घ्यायचे आणि दुरुस्त्या वेगळ्या शाईत ठेवायच्या. दफ्तरखान्यात जायचे तर शाळेचे पत्र घेऊन आधी परवानगी विचारावी. ती मिळेपर्यंत घरचे आणि शेजारचे कागद पुरतात. वर्षभरात पंचवीस कागद, प्रत्येकाचे छायाचित्र, लिप्यंतर आणि चार ओळींचा सारांश एवढे झाले तरी ते पुढे कुणाला तरी वापरता येईल असे काम आहे.

विज्ञानाची ओढ असलेल्यांना विश्वामित्री आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस पाणी घराघरांत शिरले. पुराच्या खुणा भिंतींवर राहतात आणि पुढच्या रंगकामात पुसल्या जातात. आपल्या भागातल्या तीस-चाळीस घरांतल्या खुणांची उंची मोजून नकाशावर मांडणे हे दोन मुलांचे एका उन्हाळ्याचे काम आहे. यात हमखास होणारी चूक म्हणजे प्रत्येक घरात जमिनीपासून मोजणे. जोती वेगवेगळ्या उंचीची असतात, त्यामुळे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी, रस्त्यावरचा एक पक्का बिंदू शून्य धरावा आणि सगळ्या खुणा त्याच्याशी जोडाव्यात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकते, म्हणून दरवेळी दोन्ही टोके शेजारी धरून पातळी एक आहे ना ते बघावे. खूण कशी ओळखली, घरमालकाने दाखवली की डाग दिसला, हेही लिहावे. नदीच्या काठावर मात्र मुलांना मोजायला पाठवू नये. तिथे मगरी आहेत, आणि कुठल्याही अर्जासाठी तो धोका पत्करू नये.

संगीत शिकणारी मुले आपल्याकडे पुष्कळ. १८८६ पासून संगीतशाळा असलेले हे गाव. पण अर्जात 'विशारद' एवढेच लिहिले तर अमेरिकेतल्या वाचकाला काहीच कळत नाही. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, त्यात लेखी आणि प्रत्यक्ष गायन, असे लिहिले तर कळते. परीक्षा बक्षिसांच्या रकान्यात जातात, रियाज आणि शिकवणे उपक्रमांत. दोन्हीकडे तेच लिहून जागा फुकट घालवू नये. मल्लखांब, कुस्ती, व्यायामशाळेतले इतर काम यांनाही हेच लागू. स्वतःची पदके एका ओळीत संपतात, पण आठवड्यातून तीन सकाळी लहान गटाला पकड शिकवणारा मुलगा त्याबद्दल खूप काही सांगू शकतो.

आता ज्या गोष्टीचा मराठी घरांत सर्वांत जास्त संकोच असतो, ती. कॉमन अ‍ॅपच्या उपक्रमांच्या यादीत कौटुंबिक जबाबदाऱ्या आणि पगारी काम हे रीतसर प्रकार आहेत. आई पोळी-भाजीचे डबे देते, मुलगी रोज संध्याकाळी उद्याच्या डब्यांची यादी करते, महिन्याचा हिशेब लावते, कुणाचे पैसे राहिले ते बघते. अंथरुणाला खिळलेल्या आजीची औषधे, कपडे, जेवण नातू सांभाळतो. वडिलांच्या दुकानात रविवारी गल्ल्यावर बसतो. हे सारे उपक्रमच आहेत आणि विकत घेतलेल्या शिबिरापेक्षा कितीतरी वजनदार. 'पस्तीस डबे, दोन पाळ्या, थकबाकीची वही सुरू केली, उधारी दोन महिन्यांवरून पंधरा दिवसांवर' अशा नोंदीत जबाबदारी आहे, अक्कल आहे आणि परिणाम आहे. घरचे काम करावे लागते म्हणून आपल्या मुलीकडे दाखवायला काही नाही, असे म्हणणाऱ्या पालकांना आमचे एवढेच सांगणे की तेच आधी लिहा.

पैसे कुठे वाया जातात तेही स्पष्ट सांगायला हवे. शाळाशाळांतून फी घेऊन होणाऱ्या, जवळजवळ प्रत्येक वर्गात पदक वाटणाऱ्या 'ऑलिंपियाड' परीक्षा आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या शिबिरापर्यंत नेणारी राष्ट्रीय ऑलिंपियाडची साखळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. या साखळीची पहिली पायरी ओलांडली तरी ते लिहिण्यासारखे. फी घेऊन होणाऱ्या परीक्षांतली सुवर्णपदके दहावीच्या पुढे कुणी मोजत नाही. पैसे भरून छापलेला शोधनिबंध हा तर धोका आहे. मुलाखतीत 'ही सांख्यिकी चाचणी का निवडली' असे विचारले आणि उत्तर आले नाही, तर सगळा अर्ज संशयात जातो. फी भरेल त्याला प्रवेश देणारा उन्हाळी वर्ग नामांकित आवारात भरला म्हणून त्या विद्यापीठात शिरकाव सोपा होत नाही. शिकण्यासाठी जायचे तर जरूर जावे, पण त्यासाठी कर्ज काढू नये. बारावीच्या जूनमध्ये स्थापन झालेली आणि जानेवारीत बंद पडलेली संस्था वाचणाऱ्याला तारखांवरूनच ओळखू येते. नवी संस्था काढण्यापेक्षा असलेल्या संस्थेत जाऊन तिचे एखादे अडलेले काम पुरे करणे केव्हाही चांगले: सदस्ययादी संगणकावर आणणे, जुन्या अंकांची सूची करणे, ताम्बेकर वाड्यातली भित्तिचित्रे किंवा कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची चित्रे शाळकरी मुलांना समजतील अशी चार पानी माहितीपत्रिका लिहिणे.

काम कुठलेही असो, नोंदवही पहिल्या दिवसापासून हवी. तारीख, किती वेळ, काय केले, काय अडले. चार शब्द पुरतात. ही वही नसली की बारावीच्या सप्टेंबरात मुले आठवून आठवून आकडे रचतात, ते फुगतात, आणि निबंध लिहायला बसले की एकही प्रसंग नेमका आठवत नाही. कॉमन अ‍ॅपच्या सहाशे पन्नास शब्दांपर्यंतच्या निबंधाचा कच्चा माल 'काय अडले' याच रकान्यात असतो. एनआयडीसारख्या डिझाइनच्या संस्थांकडे जाणाऱ्यांनी तर फसलेली रेखाटनेही फेकू नयेत. विचार कसा बदलत गेला ते त्यांतूनच दिसते.

दुसरे, ते काम शाळेतल्या एका तरी शिक्षकाला माहीत असले पाहिजे. अमेरिकेच्या बहुतेक अर्जांना शाळेचे आणि शिक्षकांचे शिफारसपत्र लागते. आपल्या अनेक शाळांत समुपदेशक नसतो, मुख्याध्यापकच ते पत्र लिहितात, आणि साठ मुलांची पत्रे एकाच साच्यातून निघतात. मुलाने अकरावीच्या अखेरीस एक पान टिपण करून द्यावे: काम, तारखा, आकडे, देखरेख करणाऱ्याचे नाव. यात लाजण्यासारखे काही नाही, शिक्षकांची सोयच होते.

वेळेचे म्हणाल तर आठवी-नववीत चार गोष्टी करून पाहाव्यात आणि दोन सोडाव्यात. दहावीत बोर्डाच्या वर्षी तास कमी करावेत पण धागा तोडू नये. अकरावी आणि त्यानंतरची सुट्टी हा खरा कामाचा काळ. कॉमन अ‍ॅपचा नवा अर्ज १ ऑगस्टला उघडतो, ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, अमेरिकेतल्या बऱ्याच लवकरच्या अर्जांची १ नोव्हेंबर, कॅलिफोर्नियाची साधारण नोव्हेंबरअखेर, आणि बाकीच्या बऱ्याच ठिकाणांची जानेवारीच्या सुरुवातीला. त्याच जानेवारीत जेईई मेन, पुढे बोर्ड. दोन्ही वाटा एकदम चालणाऱ्या मुलांची या चार महिन्यांत फार ओढाताण होते. त्यांनी उपक्रमांची यादी आणि निबंधाचा कच्चा खर्डा जुलैअखेर संपवलेला बरा.

आता एक विनंती, बडोद्यातल्या मराठी संस्थांना, ग्रंथालयांना, व्यायामशाळांना आणि गणेशोत्सव मंडळांना. तुमच्याकडे कामे पडून आहेत आणि मुले काम शोधत पैसे भरत आहेत. दर वर्षी शाळा उघडायच्या सुमारास प्रत्येक संस्थेने एक कागद फलकावर लावावा: काम काय, आठवड्याला किती तास, किमान किती महिने, वयाची अट, देखरेख कोण करणार, आणि शेवटी केलेल्या कामाचे, तासांसकट, पत्र कोण देणार. नुसते 'सहभागाबद्दल अभिनंदन' असे प्रमाणपत्र देऊ नये. सहा महिन्यांखालच्या कामाला पत्रच नाही असा नियम ठेवला तर हौशे आपोआप गळतील. लहान मुलांबरोबर काम असेल तिथे एक प्रौढ व्यक्ती कायम हजर असावी, ही अट मात्र सैल करू नये.

आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की, या कामांची एकत्र यादी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात विनामूल्य छापावी. संस्थांकडून आलेले कागद तपासून, तास आणि अटी स्पष्ट आहेत की नाही ते पाहून यादी तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
प्रवेश-अर्जांचे मार्गदर्शन करणारे काही शिक्षक व समुपदेशक,
दांडिया बाजार, बडोदे